डाव्या हाताची मूठ

१

खंडेनवमीला हत्यारं पुजायची असतात, चालवायची नसतात. वाघोलीच्या शरसंधान नेमबाजी क्लबात हे नव्याने सांगायची गरज नव्हती. तरी त्या सकाळी आरती झाली, पेढे वाटले गेले, बाहेर नगर रस्त्यावर देवीच्या मिरवणुकीचा डीजे लोकांच्या बरगड्या हलवत होता, आणि आत हत्यारं साफ करायच्या खोलीत प्रशिक्षक हिंदुराव शेडगे टेबलावर डोकं टेकून बसले होते ते बसलेच. उजव्या कानामागे एक भोक. करंगळी जाणार नाही एवढंसं. फौजेत चोवीस वर्षं काढून जिवंत परत आलेला माणूस, वाघोलीत पेढा खाऊन मेला.

सहायक निरीक्षक शालन कामठेचे पाय एका जागी ठरत नव्हते. खोलीला बोळाच्या बाजूने एक खिडकी होती, हत्यारं द्यायला-घ्यायला. खिडकीपासून टेबल सात-आठ पावलं. गोळी खिडकीतूनच आलेली. पिस्तूल खिडकीखाली बोळात पडलेलं, टरफल त्याच्या उजवीकडे भिंतीला लागून. शालन खिडकीकडून टेबलाकडे जाई, टेबलाकडून खिडकीकडे येई.

"कामठे, प्रदक्षिणा घालून पुरावा सापडत नसतो," वरिष्ठ निरीक्षक बापूराव म्हणाले. "देऊळ नाहीये हे."

"साहेब, जरा बघतेय."

"बघायला उरलंय काय? पिस्तूल त्या गजभिये पोरीचं. परवाना तिच्या नावाचा. मूठ डाव्या हाताची, आणि अख्ख्या क्लबात डावखुरी ती एकटी. काल शेडग्यांशी कडाकडा भांडली, चार जणांनी ऐकलंय. आज सकाळी साडेदहाला इथंच होती. आणखी काय पाहिजे तुम्हाला? पत्रिका जुळवायच्यात?"

"पिस्तुलावर ठसे?"

"एकही नाही. पुसून लख्ख. शिकलेली आहे ना पोरगी." बापूरावांनी घड्याळ बघितलं. "उद्या दसरा. बंदोबस्ताला माझ्याकडे माणसं नाहीत. सहा वाजेपर्यंत अटक दाखवा."

फोटो काढून झाले होते. शालनने हातमोजे चढवले आणि पिस्तूल उचललं. पॉइंट टू-टूचं, खेळाचं. त्याची लाकडी मूठ बाजारातल्यासारखी नव्हती. कुणाच्या तरी पंजाचा साचा काढून कोरल्यासारखी होती. अंगठ्याला खोबण, बोटांना पायऱ्या, तळहाताखाली टेकू द्यायला एक फळी. तिने उजव्या हातात धरून बघितलं. फळी भलत्याच बाजूला आली, अंगठा अधांतरी राहिला, नळी छताकडे वळली. उजव्या पायात डावी चप्पल घालावी तसं.

मग कोणी बघत नाही असं बघून तिने ते डाव्या हातात घेतलं.

बसलं. हाताला हात मिळावा तसं.

शालन स्वतः डावखुरी. फुरसुंगीत आईने तिच्या डाव्या हातावर उलथन्याचे चटके दिले होते, देवाघरचं अन्न त्या हाताने खायचं नाही म्हणून. पोलीस प्रशिक्षणात उस्तादाने उजव्या हातात पिस्तूल कोंबलं होतं. सरकारी पिस्तुलाचा सेफ्टीचा खटका उजव्या अंगठ्यासाठी, मॅगझिन सोडायचं बटण उजव्या अंगठ्यासाठी, पिस्तूल ठेवायचं कमरेचं पाकीट उजवीकडे. अठरा वर्षं ती दर वार्षिक सरावात उजव्या हाताने कसेबसे पास होण्यापुरते गुण मारत आली होती, आणि मागून कोणी ना कोणी फिदीफिदी हसत आलं होतं. आज पहिल्यांदा एक पिस्तूल तिच्या हातात बसलं, आणि त्यानेच एका पोरीच्या गळ्याचा फास आवळला. कारण आता शालनला खात्रीच पटली होती. ही मूठ धरून आठ पावलांवरून कानामागे नेम धरायचा, तर हात डावाच हवा.

२

पूर्णिमा गजभिये रेंजच्या बाकावर बसली होती. तेवीस वर्षांची, ट्रॅकसूटमध्ये. रडत नव्हती. एक पाय मात्र सारखा हलत होता.

"सोमवारी माझी सिलेक्शन ट्रायल आहे," तिने शालनला आधीच सांगून टाकलं. "तुम्ही आज अटक केलीत की लायसन्स जाणार. मग पुढे सुटले काय, नाही काय, संपलं. हे तुम्हाला माहिती असावं म्हणून सांगते."

"माहितीये. आज क्लब बंद, मग आलीस कशाला?"

"सरांनी तासभर रेंज उघडून देतो म्हटलं होतं. मी आले, शस्त्रागारात कोणी नव्हतं, सगळे तिकडे पेढे खात होते. मी इथं बसून राहिले. एकटी. नाही, कोणी पाहिलं नाही. पुढचा प्रश्न?"

शालनला हसू आलं, ते तिने गिळलं. "पिस्तूल कसं निवडलंस?"

पोरीने मान वर केली. हा प्रश्न तिला अपेक्षित नव्हता. "दुकानदार म्हणाला, उजव्याने शिक की, त्यात काय एवढं. सगळे तेच म्हणतात. डावा हात म्हणजे जसा काही रोगच. शेडगे सर एकटे म्हणाले, हात बदलू नको, मूठ बदल. मग बघितलं, मॅगझिनचं बटण दोन्हीकडून दाबता येतं का. सेफ्टीला माझा अंगठा पोचतो का. टरफल उजवीकडे उडतं, म्हणजे माझ्या तोंडासमोरून जातं, म्हणून चष्म्याशिवाय मी उभीच राहत नाही."

"टरफल नेहमी उजवीकडे? हात कुठलाही असो?"

"पिस्तुलाला काय माहिती, कोण धरतंय ते."

"आणि मूठ?"

"डाव्या हाताची परदेशातून यायला सहा महिने लागणार होते. माझे बाबा खडकीच्या कारखान्यात फिटर होते. त्यांनी अक्रोडाच्या लाकडाची कोरून दिली. मूळची उजव्या हाताची होती ती खोक्यात घातली आणि कागदांसकट क्लबात जमा केली. त्याला चार वर्षं झाली."

"काल भांडण कशावरून?"

पाय हलायचा थांबला.

"सर म्हणाले, दसऱ्यानंतर कदाचित मी या क्लबात नसेन. ट्रायल तोंडावर आलीय आणि हे सोडून चालले! मी ओरडले. खूप बोलले. ते म्हणाले, 'पूर्णिमा, एकाला मी दसऱ्यापर्यंत मुदत दिलीय. तो आपल्या पायाने पोलिसात गेला तर ठीक. नाहीतर मी जाणार.'"

"कोण तो?"

"नाही सांगितलं." तिने पहिल्यांदा नजर खाली केली. "मी विचारलंही नाही, मॅडम. मला माझ्या ट्रायलचं पडलं होतं."

३

शेडग्यांनी मुदत दिलेला माणूस क्लबातलाच असणार. सकाळी पूजेला तिघंच राहिले होते. बाकीचे सभासद आरतीला येऊन गाडी बंद न करताच गेलेले.

क्लबाचा सेक्रेटरी अवधूत पायगुडे आपल्या केबिनमध्ये बसला होता. रेशमी कुर्ता, कपाळाला नाम, आवाजात तूप. उजव्या हाताच्या अनामिकेचं नख अजून लालसर होतं.

"दरवर्षी यजमान मीच असतो, मॅडम," तो म्हणाला. "ओलं हळद-कुंकू माझ्या हाताने प्रत्येक हत्याराला. शस्त्रागारातला दत्तप्रसाद घंटा वाजवतो, बाकीचे लांबून अक्षता टाकतात. शिस्त म्हणजे शिस्त."

"आणि गजभियेचं पिस्तूल?"

"छे छे. ते पूजेत घेतलंच नाही." अवधूतने दोन्ही हात वर केले. "त्यांच्यात चालत नाही ना आपलं. बौद्ध आहेत ती मंडळी. शेडग्यांनी पहिल्यापासून सांगून ठेवलेलं. मी तिच्या पिस्तुलाला आज बोटसुद्धा लावलं नाही. फोटो टाकलाय ग्रुपवर, बघा, अकरा हत्यारं, त्यात तिचं नाही. आम्ही कुणावर लादत नाही, मॅडम. पण त्यांच्या मनात काय असतं, कसं सांगणार? सणाच्या दिवशीच नेमकं... तुम्ही समजून घ्या."

शालनला समजलं. एवढं समजलं की तिच्या कानशिलाची शीर उडायला लागली. कसलं औदार्य! आधी लादत नाही म्हणायचं, आणि त्याच श्वासात पोरीच्या अख्ख्या समाजाच्या हातात पिस्तूल द्यायचं.

अभिनव साने हडपसरच्या एका आयटी कंपनीत कामाला, संध्याकाळी नेमबाज. त्याचंही पिस्तूल पूर्णिमाच्याच बनावटीचं होतं.

"म्हणजे संशयित क्रमांक दोन मी," तो म्हणाला. "फक्त माझी मूठ उजव्या हाताची आहे. काढून तिच्या पिस्तुलाला लावली असती तर माझंही काम झालं असतं. बघायचीये? चला. इथं दर्शन फुकट आहे."

पूजेच्या पाटावर त्याचं पिस्तूल झेंडूखाली पडलं होतं. एकदा पुजलं की दसऱ्यापर्यंत हलवायचं नाही, ही क्लबाची प्रथा. लोखंडावरून लाकडावर गेलेला कुंकवाचा ओला पट्टा आता वाळून सलग पापुद्रा झाला होता. कुठे चीर नाही, तडा नाही. ही मूठ पूजेनंतर कोणी काढलेली नव्हती.

"तुमचं आणि पूर्णिमाचं जमतं?" शालनने विचारलं.

"तिचा स्कोअर माझ्यापेक्षा चांगला आहे. त्यामुळे अजिबात जमत नाही," अभिनव म्हणाला, आणि मग जरा थांबून, "पण तिने सरांना मारलं म्हणणाऱ्याला मी मूर्ख म्हणेन. सरांशिवाय तिची बाजू घेणारं होतं कोण इथं?"

राहिला दत्तप्रसाद मुळीक, शस्त्रागार सांभाळणारा. पन्नाशीचा. प्रेत त्यालाच दिसलं होतं. शालनने विचारलं, पिस्तूल बाहेर कसं आलं? तर तो रडायलाच लागला.

"पूजेसाठी शस्त्रागार सताड उघडं होतं, मॅडम. सगळ्या किल्ल्या एका खिळ्याला. कोणीही घ्यावं. चूक माझीच."

"ती असू दे. शेडगे कुणावर चिडले होते?"

"मला नोकरी आहे, मॅडम. अकरा वर्षं झाली."

"त्या पोरीला जन्मठेप होईल. मग अकरा वर्षांचं काय करणार, लोणचं?"

दत्तप्रसादने दाराकडे बघितलं. मग हळूच बोलला.

"वैशाखात क्लबाचं बत्तीस बोअरचं पिस्तूल दुरुस्तीला म्हणून सेक्रेटरी साहेबांनी नेलं. दोन दिवसांनी आलं. सरांनी नळी हुंगली आणि रजिस्टरवरची तारीख बघत बसले. ज्या दिवशी नेलं त्याच रात्री इकडं एका भाऊंचा वाढदिवस झाला होता. हवेत गोळ्या उडवल्या. धोंडिबा हलगीवाला मेला. दोन पोरांचा बाप."

शालनला ते प्रकरण आठवत होतं. दोनशे माणसं हजर आणि एकाचेही डोळे उघडे नव्हते. गोळी कुठून आली ते कळलं नाही, असं लिहून फाइल बांधून ठेवली होती.

आता कारण हातात होतं. पण कारणाने काय होतं? पिस्तूल डाव्या हाताचं होतं, आणि अवधूत पायगुडे उजवा.

४

चार वाजता ती ठाण्यात आली तेव्हा नागोराव गजभिये बाकावर बसलेले होते. पायाशी एक बॅग. रात्रीच्या गाडीने नागपूरला जायचं होतं, दीक्षाभूमीवर. चाळीस वर्षं खडकीत काढली तरी दर दसऱ्याला ते तिकडे जात. आज गाडी जाणार होती, ते जाणार नव्हते.

"मॅडम, माझ्या पोरीले काही इचारू नका म्हणत नाही मी," ते उठून म्हणाले. रागाने आणि भीतीने त्यांची जुनी भंडाऱ्याकडची बोली वर आली होती. "इचारा. पण ते पिस्तूल मले एकदा दाखवा. हात नाही लावत. लांबूनच."

"कशाला?"

"त्याची मूठ मी बनवली ना जी."

बापूराव आतून ओरडले, "कामठे, सहा वाजत आले!" अजून दोन तास होते, पण साहेबांचं घड्याळ नेहमीच पुढे असे.

शालनने मोबाइलवरचे फोटो उघडले. पिस्तुलाचे, चारी बाजूंनी. नागोरावांनी चष्मा पुसला. एक फोटो, दुसरा, तिसरा. मुठीच्या तळाच्या फोटोवर त्यांचं बोट थांबलं.

"हे मोठं करा."

मुठीच्या बुडाशी एक स्क्रू होता. स्क्रूच्या डोक्यावर पांढऱ्या रंगाची बारीक रेघ. लाकडावरही एक रेघ. पण दोन्ही एका ओळीत नव्हत्या. घड्याळाचे दोन काटे फाकावे तशा फाकल्या होत्या.

"कारखान्यात आम्ही नट आवळला का त्याच्यावर रंगाची एक रेघ मारतो," नागोराव सावकाश म्हणाले. आता त्यांच्या आवाजात भीती नव्हती, फिटर होता. "नटावरून खालच्या भागावर, एका दमात. मग लांबून पाह्यलं तरी समजते, नट हलला का नाही. हिच्या पिस्तुलाले मी स्वतः मारली होती. गेल्या रविवारीच तपासली, सरळ होती. मॅडम, ही मूठ कोणीतरी काढली, अन् परत लावली."

"पूर्णिमाने काढली असेल?"

"तिनं कायले काढावं? तिच्याच हाताची हाय ना."

शालन ताडकन उठली. खुर्ची मागे पडली ती तिने उचललीही नाही.

पंचांसमोर तिने तो स्क्रू फिरवला. अक्रोडाची मूठ अलगद सुटून हातात आली आणि आतलं नागडं लोखंड दिसलं. काळं, तेलकट. आणि त्या लोखंडावर, मुठीच्या आत जिथे वारा जात नाही तिथे, बोटाच्या पेराएवढा एक डाग होता.

लाल. ओला असताना लागलेला आणि वाळलेला.

बापूराव वाकले. "रक्त?"

शालनने डाग जवळून हुंगला. हळदीचा वास आला.

५

साडेपाचला ती परत क्लबात होती. अवधूतच्या केबिनमध्ये तिघंही होते, आणि दाराला टेकून बापूराव. ते अजून चिडलेलेच होते, पण आता घड्याळ बघत नव्हते.

"पायगुडे साहेब," शालन म्हणाली. ती बसली नाही. टेबलाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरत राहिली. "सकाळपासून सगळे मला एकच गोष्ट सांगतायत. मूठ डाव्या हाताची, म्हणून मारणारा डावा. मलाही पटलं होतं. पण मूठ म्हणजे पिस्तूल नव्हे. एका स्क्रूवर निघते. उजव्या हाताच्या माणसाने ती काढली, उजव्या हाताची लावली, गोळी झाडली, आणि परत डावी लावून ठेवली. मग पिस्तूल बाहेरून पुसलं. तिथंच पहिलं गाढवपण. पूर्णिमाच्या पिस्तुलावर पूर्णिमाचे ठसे असणारच होते. ती कशाला पुसेल?"

"तर्क छान आहे," अवधूत म्हणाला. "कथा लिहा."

"मुठीच्या आत लोखंडाला ओलं हळद-कुंकू लागलंय. आतून पुसायचं राहिलं."

अवधूतने डोळे मिटून उघडले. फक्त एकदाच. मग हसला. "मग काय झालं? खंडेनवमी आहे. आज इथल्या प्रत्येक हत्याराला मीच कुंकू लावलंय. तिच्याही लावलं असेल, गडबडीत ओघळून आत गेलं असेल."

"असेल?"

"लावलं. आठवलं आता. लावलं."

"सकाळी म्हणालात, बोटसुद्धा लावलं नाही. तुमचा ग्रुपवरचा फोटो आहे, अकरा हत्यारं, तिचं नाही. तुम्हीच मला दाखवलात." शालन थांबली. "तुम्हाला ती पोरगी किती परकी आहे हे दाखवायचं होतं, म्हणून तुम्ही छाती ठोकून सांगितलंत, की आमचं कुंकू तिच्या पिस्तुलापर्यंत गेलंच नाही. त्या एका वाक्याने तुमची सुटायची वाट तुम्हीच बंद केलीत."

अभिनवच्या तोंडून शीळ निघता निघता राहिली.

"कुंकू काय, कोणाच्याही हाताला..." अवधूतने दत्तप्रसादकडे बोट केलं. "हा होता, हा साने होता..."

"मी घंटा वाजवत होतो," दत्तप्रसाद म्हणाला. एवढं मोठ्याने तो अकरा वर्षांत पहिल्यांदाच बोलला असेल. "आणि साने साहेबांनी अक्षता टाकल्या, त्याही पाच फुटांवरून. ओल्या कुंकवाची वाटी तुम्ही कोणाला हात लावू देत नाही. दरवर्षी ओरडता."

"आणि उजव्या हाताची मूठ?" अवधूत उसळला. "ती कुठून आणली मी? खिशातून? या बनावटीचं दुसरं पिस्तूल सानेचं!"

"सानेंच्या मुठीवरचं कुंकू सलग आहे. ती हललेली नाही. पण दुकानातून आलेल्या प्रत्येक पिस्तुलाला एक मूळची मूठ असते. पूर्णिमाची मूळची मूठ चार वर्षांपूर्वी खोक्यात घालून क्लबात जमा केली. क्लबाची कागदपत्रं कुठे असतात?"

सगळ्यांनी अवधूतच्या पाठीमागच्या लोखंडी कपाटाकडे बघितलं. आणि मग त्याच्या कमरेला लटकणाऱ्या किल्लीकडे.

"द्या," बापूराव म्हणाले.

खोकं खालच्या कप्प्यात होतं. आत तेलकट कागद, त्यात उजव्या हाताची मूठ. शालनने ती उलटी केली. आतल्या बाजूला, लोखंडाला टेकते तिथे, तसाच एक लाल पुसट डाग होता. चार वर्षं कपाटात बंद असलेल्या लाकडाला आज सकाळचं कुंकू.

अवधूतने लालसर नखाचं बोट मुठीत झाकलं. मग त्याच्या आवाजातलं तूप उतरलं आणि खाली काय होतं ते दिसलं.

"एका हलगीवाल्यासाठी," तो म्हणाला. "मॅडम, सांगा तुम्ही. मुद्दाम मारला का मी त्याला? वाढदिवस होता, लोक म्हणाले उडव, मी उडवली. त्याच्या बायकोकडे मी माणूस पाठवला होता, विचारा. शेडगे ऐकेचना. म्हणे, तू स्वतः जा. माझं घर, माझं नाव, क्लब, सगळं पाण्यात. कशासाठी? एका..."

"धोंडिबा," शालन म्हणाली.

"काय?"

"नाव होतं त्याला. उच्चारायला जड जात असेल तर कोर्टात सवय होईल."

६

सहाला पाच कमी असताना बापूरावांनी अटक दाखवली. नाव तेवढं बदललं होतं. "वेळेत झालं," ते स्वतःशीच म्हणाले, जसं काही सगळं त्यांच्याच घड्याळाने घडलं होतं. मग नागोरावांपुढे जरा घुटमळले, चहा सांगू का म्हणाले. माफी हा शब्द त्यांच्या तोंडात बसत नसावा.

आठ वाजता ठाण्यात पूर्णिमाने जबाबावर सही केली आणि पहिला प्रश्न विचारला.

"माझं पिस्तूल?"

शालनला हाच प्रश्न नको होता. "मुद्देमाल आहे. खटला संपेपर्यंत कोर्टाच्या ताब्यात."

"म्हणजे कधी?"

"पाच वर्षं. सात."

"आणि मूठ?"

"तीही. मूठच तर खरा पुरावा आहे, पूर्णिमा."

पोरगी हसली. वाईट हसली. "म्हणजे निर्दोष सुटले आणि ट्रायल गेली. अटक केली असतीत तरी तेच झालं असतं. मग दिवसभर पळालो कशासाठी आपण?"

खोटं सांत्वन करायचं शालनच्या जिवावर आलं. तिने सही झालेला जबाब फाइलीत लावला.

दारात अभिनव साने उभा होता. जबाबासाठी आलेला, दोन तास ताटकळलेला, पुण्याच्या माणसाला शोभेल असा वैतागलेला.

"ऐक, माझं पिस्तूल आहे," तो म्हणाला. "तीच बनावट. उद्या दसरा झाला की पाटावरून उचलता येईल. रेंजवर माझ्यादेखत मार. सोमवारीही मी येतो सोबत, कागद काय लागतील ते बघू."

"तुझी मूठ उजव्याची आहे."

"मला माहितीये. मी आंधळा नाही."

"मग चार दिवसांत मी हात बदलू?"

"मी असं म्हणालो का? तू प्रत्येक वेळी भांडायलाच..."

"पूर्णिमा," नागोराव मध्येच म्हणाले. ते बॅगेत काहीतरी शोधत होते. रात्रीच्या गाडीचं तिकीट बाहेर आलं, ते त्यांनी बाजूला ठेवलं. गळ्यात घालायची, घडी घातलेली पंचशीलाची पट्टी निघाली, तीही नीट बाजूला ठेवली. शेवटी पेन्सिल सापडली. "मॅडम, एक कोरा कागद द्याल का जी? मोठा पाहिजे."

शालनने जबाबाचा एक कोरा फुलस्केप दिला. नागोरावांनी तो टेबलावर पसरला आणि पोरीकडे बघितलं.

"आण हात."

"बाबा, अक्रोड कुठून आणणार चार दिवसांत? सुट्टीत दुकानं तरी..."

"लाकूड मी पाहीन. हात आण. चार वर्षांत तुझी बोटं वाढली का नाही, मले काय ठाऊक."

पूर्णिमाने डावा हात कागदावर ठेवला. नागोरावांनी आपला खरबरीत पंजा त्यावर दाबून धरला, बोटं सपाट बसेपर्यंत. मग अंगठ्याच्या मुळापासून पेन्सिलीची रेघ ओढायला सुरुवात केली.